आत गेलेल्याचं शरीर

त्या नियमपुस्तकातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे आणि अजून त्याचा राग येतो. ‘आत गेलेल्याला भूक, तहान, थंडी, ऊन यांतलं काहीच जाणवत नाही, बाहेरचं शरीर होतं तसंच पडून राहतं.’ होतं तसंच राहतं म्हणे. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्यापुढं आयुष्यभर कुणीतरी वेळच्या वेळी ताट आणून ठेवलं असणार, आणि उचलूनही नेलं असणार. शरीर होतं तसंच कधीच राहत नाही. हे आमच्या घरात एका माणसाला वयाच्या अकराव्या वर्षापासून माहीत होतं, आणि आम्ही सगळे मिळून तिला ते बोलू देत नव्हतो.

पुस्तक एका खेळाचं होतं, माझ्या मित्राच्या, मंजूच्या चुलतभावानं परदेशातून आणलेलं. आम्ही ते बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात कॉपी करून घेतलं आणि काळ्या स्पायरलमध्ये बांधलं. खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं पंच व्हायचं आणि जग सांगत जायचं. बाकीच्यांनी आपापल्या पात्राचं नाव, अंगातली ताकद, हुशारी आकड्यांत मांडायची आणि ‘आता मी हे करतो’ म्हणत पुढं जायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवायचे. जग पुढच्या काळातलं होतं. सगळी शहरं कंपन्यांच्या मालकीची, आकाश गढूळ, आणि माणसांच्या मानेमागं एक खाच. त्या खाचेत वायर घातली की माणूस यंत्रांच्या आतल्या जगात उतरायचा. पडद्यावर बघत अर्धं आत जाता यायचं, ते सुरक्षित पण संथ. पूर्ण आत गेलं तर विचाराच्या वेगानं पळता यायचं, जास्तीचे फासे मिळायचे. पण मग आतला प्रत्येक मार बाहेरच्या शरीराला बसायचा. आधी हात थरथरणार, मग घाम, मग नाकातून रक्त, शेवटी हृदय. बाहेरून कुणी वायर उपटली तर आणखी वाईट, मेंदूला झटका, त्याचा वेगळा फासा. हे सगळं पानंच्या पानं दिलेलं होतं, कोष्टकांसकट. शरीर कसं मरतं ते बारकाईनं होतं. ते जगतं कसं, याबद्दल वर सांगितलेलं ते एकच वाक्य.

पंच मी होतो. मंजू म्हणजे मंजुनाथ आणि इर्फान हे दोघं कॉलेजातले मित्र, आणि चौथी सुजाताक्का. ती माझ्या मोठ्या मावशीची मुलगी, निपाणीची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शिकायला म्हणून आमच्याकडं राहायला आली होती. आमचं घर येलहंक्याच्या जुन्या भागात, खालचा मजला, स्वयंपाकघराला लागून मागची एक खोली. त्या खोलीत रविवारी आमचा खेळ चालायचा. हवाई दलाचं विमान डोक्यावरून जायचं तेव्हा कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून फासे हातात धरून सगळे गप्प बसायचे आणि ते गेल्यावर जिथं होतो तिथून पुढं. भिंतीपलीकडं आईचा मिक्सर, फोडणीत पडणाऱ्या कढीपत्त्याची चरचर, बाबांचा रेडिओ. आमच्याकडं भाषेची खिचडीच होती. आई दुकानात कन्नड, देवापुढं मराठी, आणि रागावली की दोन्ही. डोशाच्या पिठावर निपाणीहून आलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि मंजू येताना अय्यंगार बेकरीतून खारा बन आणि खोबरं भरलेला गोड दिलपसंद आणायचा. दिलपसंदचे चार तुकडे व्हायचे. अक्काचा तुकडा इर्फान खायचा.

कारण अक्काला मधुमेह होता. लहानपणापासूनचा, इंजेक्शनवाला. हे आम्ही घरातले सोडून कुणालाही माहीत नव्हतं. तिला आमच्याकडं सोडताना मावशीनं आईला गळ्याची शपथ घातली होती की लग्न ठरेपर्यंत हे दाराबाहेर जाणार नाही. औषधाच्या बाटल्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठामागं एका स्टीलच्या डब्यात असायच्या. पाहुणे आले आणि कुणी फ्रीजकडं वळलं की आई आधी पुढं व्हायची. अक्का बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घ्यायची, नळ सोडून, जणू इंजेक्शनचा आवाज होतो. शेजारीपाजारी सत्यनारायणाचा प्रसाद, पेढे, ओबट्टू म्हणजे पुरणपोळ्या घेऊन यायचे. मग एकदा आईला सुचलं. तिनं सांगून टाकलं की सुजातानं गोड सोडलंय, नवस आहे, लग्न जमेपर्यंत साखरेला शिवायचं नाही. गल्लीतल्या बायकांना ते इतकं आवडलं की त्या आपल्या मुलींना अक्काचं उदाहरण देऊ लागल्या. आजारी मुलगी एका वाक्यात व्रतस्थ झाली. आई त्या युक्तीवर खूश होती, बाबा खूश होते, मीही त्या वेळी हसलो होतो. आता मला त्या हसण्याची शरम वाटते. पण शरमेपेक्षा राग जास्त येतो, आणि तो कुणा एकावर नीट बसत नाही.

अक्काला पूर्ण आत जायला आवडायचं. बाकीच्यांना बंदुका, गाड्या, लोखंडी हात हवे असायचे. तिनं पहिल्याच दिवशी ते भूक-तहानेचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “अन्या, माझी बाई ही. हीच.” तिच्या पात्राला नातेवाईक नव्हते, घर नव्हतं, अंगात हाडं कमी आणि हुशारी काठोकाठ. पण एक अडचण होती. ती आत गेली की तिचाच खेळ लांबत जायचा आणि बाकीचे दोघं कंटाळून खात, गप्पा मारत बसायचे. तीही मध्येच बाहेरच्यांच्या गप्पांत नाक खुपसायची. त्यावर तोड तिनंच काढली. जो आत गेला त्यानं डोळ्यांवर बाबांचा पंचा बांधायचा, हात गुडघ्यावर ठेवायचे, आतलं सोडून दुसरं काही बोलायचं नाही, खायचं नाही, खाजवायचं नाही, आईनं हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाहेरच्यांनी त्याच्या शरीराची राखण करायची. स्वतःहून पंचा काढला तर झटक्याचा फासा, आणि तो वाईट पडला तर पात्र मेलं. मंजू त्या पंचा बांधलेल्या माणसाला ‘हेण’ म्हणायचा, कन्नडमध्ये मढं. “अक्का आत गेली रे, आता हेण नोडको,” म्हणजे मढ्याकडं लक्ष ठेव. मग ते दोघं मढ्याला मिशा काढायचे, त्याच्या पुढ्यातला खारा बन पळवायचे. अक्का ओठ घट्ट मिटून हसू दाबायची, पण हलायची नाही. तिच्याइतकं निश्चल कुणाला बसता यायचं नाही.

तिला त्यात काय मिळत होतं ते तेव्हा मला कळलं नाही. दिवसभर तिचं शरीर घड्याळाला बांधलेलं असायचं. आता टोच, आता खा, आता जास्त खाऊ नको, आता लपव. पंच्याच्या आत तिला कुणी काही विचारत नव्हतं. मला तिनं एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं होतं की कधी मला घाम सुटला, मी काहीतरी बरळायला लागले, तर डॉक्टर-बिक्टर शोधू नकोस, आधी तोंडात साखर घाल. ‘साखर?’ मी म्हणालो होतो. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि समजावलं की इंजेक्शन घेतल्यावर वेळेत पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर तळाला जाते, ती जास्त असण्यापेक्षा हे लवकर मारतं. म्हणून ती ड्रेसच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायची आणि कुणाचं लक्ष नसताना तोंडात टाकायची.

परवा ऑफिसात तरुण पोरांनी ते डोळ्यांना लावायचं यंत्र आणलं होतं. एक मुलगा ते घालून मधोमध उभा होता, कुठल्याशा कड्याच्या टोकावर असावा, कारण त्याचे पाय लटपटत होते आणि तोंड पांढरं पडलं होतं. बाकीचे मोबाइलवर त्याचं चित्रण करत होते. मी त्याच्या डोक्यावरून ते यंत्र काढून घेतलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. ‘सर, चिल, गेम आहे,’ असं म्हणून सगळे हसले. त्याला काही झालेलं नव्हतं हे खरं. मी मात्र कॅन्टीनमध्ये जाऊन बराच वेळ बसलो.

तर तो रविवार. अक्काला बघायला सांगलीचे लोक येणार होते. मुलगा बंगळूरमध्येच सॉफ्टवेअरमध्ये, आईवडील खास त्यासाठी आलेले. मावशीनं फोनवरून आईला पन्नास सूचना दिल्या होत्या. साडेबाराला पाहुणे येतील, जेवतील, मग बघणं, असं ठरलं होतं. सकाळपासून घरात नारळ खवला जात होता. आईनं अक्काला आपली अंजिरी रेशमी साडी नेसवली, केसांत मोगरा माळला आणि बजावलं की आता काही खाऊ नकोस, साडीवर सांडेल, सगळ्यांबरोबरच बसायचं. अक्कानं नेहमीच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं. मग फोन आला की पाहुण्यांना रिक्षा मिळत नाहीये, स्वल्प उशीर होईल. मी मंजू आणि इर्फानला येऊ नका म्हणून सांगायला विसरलो होतो. ते खारा बन आणि दिलपसंद घेऊन हजर. आई वैतागली, पण म्हणाली, सरी, ठीक आहे, मागच्या खोलीत बसा आणि आवाज करू नका. अक्का साडीच्या निऱ्या सावरत येऊन बसली. “तेवढ्यात आपली मोहीम संपवू की,” ती म्हणाली, “बाहेर बसून मावशीचं तोंड बघण्यापेक्षा.” तिची मावशी म्हणजे माझी आई. रेशमी साडी, मोगरा आणि डोळ्यांवर बाबांचा पंचा. मंजूला हसू आवरेना. साडीला खिसा नसतो हे मात्र आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

ती एका औषध कंपनीच्या कोठारात शिरली होती. काय सुंदर खेळली सुरुवातीला. पहारेकऱ्याला चकवलं, दोन कुलुपं उघडली, मी रचलेल्या सापळ्याला उलटा वळसा घातला. मला पानं उलटायला लागत होती. मग काळ्या पहारेकऱ्यानं तिला गाठलं आणि मी फासा टाकला. मार लागला. मी पंचाच्या आवाजात, जसं मी नेहमी करायचो तसं, रंगवून सांगितलं की तुझे हात थरथरायला लागलेत, कपाळावर घाम फुटलाय, जीभ जड झालीये. आणि तिचे हात खरोखरच थरथरत होते. गुडघ्यावरच्या बांगड्या किणकिणत होत्या. “सूपर, अक्का, सूपर,” मंजू म्हणाला. मला अभिमान वाटला. माझ्या सांगण्यानं माणसाच्या अंगावर घाम येतो, असं वाटलं मला. तिनं विचारलं, डावीकडच्या जिन्यानं जाऊ का. तिथं जिना नव्हता. मी म्हणालो, मार लागल्यानं तुला नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्यात, आणि पुन्हा फासा टाकला. मग ती निपाणीच्या बोलीत कुणाशीतरी बोलू लागली, ‘म्हशी सुटल्यात बघ की, कोण हाय का,’ आणि इर्फान हसता हसता थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच वेळी अक्का तिरकी होत भिंतीला टेकली आणि तिच्या डोळ्यांवरचा पंचा खाली सरकला. तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत बघणारं कुणी नव्हतं.

बाहेर बेल वाजली होती, चपला काढल्याचे आवाज, या या, उशीर झाला, हे सगळं माझ्या कानावर पडत होतं. मी स्वयंपाकघरात धावलो, डबा उघडला आणि मूठभर साखर घेतली. परत येईपर्यंत आई अक्काला न्यायला खोलीत आली होती आणि तिच्या मागोमाग मुलाची आई, ‘बघू तरी आमची सून कुठं लपलीये’ असं हसत हसत म्हणत. दोघींनी एकदमच अक्काला पाहिलं. आई बोलली ते तिच्या तोंडात तयारच असावं. “उपासानं चक्कर आलीये हो. फार कडक करते ती.” त्या बाईंच्या चेहऱ्यावर इतका जिव्हाळा आला की आजही मी त्यांचा तिरस्कार करू शकत नाही. त्या अक्काच्या उशाशी बसल्या, तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. आणि मी पुढं झालो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. जोरानं नाही. लहान मुलाला आगीपासून मागं ओढावं तसं.

“अरे बाळा, साखर नको. गोड सोडलंय ना तिनं? तुझी आईच फोनवर सांगत होती. आमचं घर मिळावं म्हणून नवस केलाय पोरीनं, आणि आज तू तो मोडतोस? मिठाचं पाणी दे.”

मी आईकडं बघितलं. आईनं मान हलवली. अगदी थोडीशी, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. नको. आईला त्या क्षणी काय माहीत होतं हे मी आजवर तिला विचारलेलं नाही. मधुमेहवाल्याला साखर म्हणजे विष, एवढंच तिला ठाऊक होतं का? की तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती पाहुण्यांच्या जाण्याची वाट बघत होती? विचारायला गेलो तर यांपैकी एक उत्तर मिळेल, आणि दोन्हींनी मला तितकाच संताप येईल. मी उभा राहिलो. माझ्या मुठीतली साखर घामानं ओली होऊन बोटांना चिकटत होती. किती वेळ, ते सांगता येणार नाही. विमान गेलं एक, आणि ते जाईपर्यंत सगळे गप्प होते, सवयीनं. मग मी बोललो.

“तिला डायबेटिस आहे. साखर मिळाली नाही तर मरेल ती.”

खोलीत शांतता झाली असती तर बरं झालं असतं. पण आई हसली. खरंच हसली, आणि त्या बाईंना म्हणाली, “त्यांच्या खेळातलं आहे हो ते. मघापासून भिंतीपलीकडून हेच ऐकतेय मी. हिचे हात थरथरतायत, हिला घाम फुटलाय, ही मरणार. काय मेलं ते पुस्तक.” आणि तिनं दाखवलं. पुस्तक समोर उघडंच पडलं होतं, फासे होते, अक्काच्या गळ्यात पंचा होता. बाईंनी ते सगळं बघितलं आणि त्याही समजूतदार हसल्या. माझ्यापाशी एकच खरं वाक्य होतं, आणि तेवढं सोडून मी मघापासून सगळी वाक्यं वापरून संपवली होती, म्हणून तेही त्यांतलंच एक ठरलं. इर्फान उठून म्हणाला, “आंटी, इदु गेम अल्ला.” हा खेळ नाहीये. त्याच्याकडं कुणी पाहिलंही नाही. तेव्हा कुठं मी मनगट सोडवून घेतलं, खाली बसलो, अक्काच्या गालात आतून बोटानं साखर चोळली, पुन्हा चोळली. तिचे दात माझ्या बोटावर मिटले. बाई हात मागं घेत उठल्या. “मोडला,” त्या एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

अक्का हळूहळू परत आली. आधी डोळे स्थिर झाले, मग तिनं हात उचलून मोगऱ्याचा गजरा ओढून काढला, मग पाणी मागितलं. मंजूनं बेकरीच्या पुडीतला दिलपसंद सगळाच्या सगळा तिच्यापुढं धरला आणि तिनं तो खाल्ला, दोन्ही हातांनी, साडीवर भुगा सांडत. बाहेरच्या खोलीत पाहुणे न जेवता निघण्याची तयारी करत होते. मुलाचे वडील बाबांना म्हणत होते, काही नाही हो, मुलीचा व्रतभंग झालाय, आज शुभकार्य नको. मुलगा आपल्या बुटांच्या नाड्या बांधत होता आणि त्यातून मान वर काढत नव्हता. अक्कानं सगळं ऐकलं. तिला काय काय झालं ते मी तिला घाईघाईनं सांगितलं, आईचं मान हलवणंही सांगितलं, का कोण जाणे. तिनं पुडी बाजूला ठेवली.

“तुला मी गच्चीवर सांगितलं होतं ना?”

“हो.”

“मग कुणाची वाट बघत होतास?”

मला तिच्या आवाजात राग ऐकायचा होता. तो नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. ती भिंतीला धरून उठली आणि तशीच, अनवाणी, निऱ्या सुटलेल्या, ओठांना खोबऱ्याचा चुरा लागलेला, बाहेर गेली. मी दारात होतो. तिनं त्या बाईंना सरळ सांगितलं की मला कसलाही नवस नाही, उपास नाही, मला लहानपणापासून मधुमेह आहे आणि मी रोज इंजेक्शन घेते. त्या बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. “बरं हो बाळ,” त्या म्हणाल्या, आणि आईला म्हणाल्या, “भावाला पाठीशी घालतेय. गुणी आहे पोर.” आणि गेल्या.

दोनदा खरं सांगितलं गेलं आणि दोनदा ते एका गोड गोष्टीनं पुसलं गेलं. स्थळ मोडलं, पण खोटं मोडलं नाही. बाबांनी त्या संध्याकाळी मंजू आणि इर्फानच्या घरी फोन करून सांगितलं की पोरांना आमच्याकडं पाठवू नका, त्या खेळानं मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला. पुस्तक कपाटावर, सुटकेसच्या मागं गेलं. इंजेक्शननंतर अन्न लांबलं, ते पाहुण्यांसाठी लांबलं, ते लपवण्यासाठी लांबलं, ही साखळी कुणी उच्चारलीसुद्धा नाही. मावशीनं निपाणीहून फोनवर आधी आईला फैलावर घेतलं, मग मला, मग सांगितलं की उद्याच्या बसनं सुजाताला परत पाठवा, झालं तेवढं शिक्षण पुरे. अक्कानं फोन घेतला नाही. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. आई तिच्या बॅगेत कपडे भरू लागली, आणि मी घड्या करून देत होतो. तेही मीच केलं.

अक्का आता बंगळूरच्याच इंदिरानगरात राहते, नोकरी करते, एकटी आहे आणि तिच्या पायांच्या बोटांना फारशी जाणीव उरलेली नाही. मी हे प्रकरण लिहितोय म्हणून तिला फोन केला, क्षमा मागितली, तीस वर्षांत मागितली असेल तितक्यांदा पुन्हा. ती वैतागली. “लिही की. पण मला तू वाचवलंस असं लिहू नकोस, आणि मारत होतास असंही नको. दोन्हीकडं तूच मोठा होतोस.” मग म्हणाली की दुसऱ्या दिवशी सकाळचं लिही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आंघोळ करून आली. उप्पिट्टू वाढलेलं होतं. बाबा पेपर वाचत होते, बॅग दाराशी होती, आणि दार उघडं होतं, कारण समोरच्या लक्ष्मम्मा त्यांच्या उंबऱ्यापुढं रांगोळी घालत होत्या आणि आईनं त्यांच्याकडून कोथिंबीर मागितली होती. अक्का फ्रीजपाशी गेली, इडलीच्या पिठामागचा डबा काढला आणि तो घेऊन बाथरूमकडं न जाता टेबलाशी येऊन बसली. ताटाशेजारी बाटली ठेवली, सुई ठेवली. कापसानं दंड पुसला. आई स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होती, आणि ती काय करणार ते मला तिच्या पायांवरूनच कळलं. ती बाहेरच्या दाराकडं निघाली.

“दार राहू दे, मावशी,” अक्का म्हणाली. मान वर न करता.

आईनं कडीवर हात ठेवला, बाबांकडं बघितलं. बाबांनी पेपरचं पान उलटलं. पलीकडून लक्ष्मम्मांनी नेहमीच्या सवयीनं हाक दिली, “एनु सुजाता, तिंडी आयता?” नाश्ता झाला का. अक्कानं सुई दंडात घातली, हळूहळू दाबली, काढली आणि मोठ्या आवाजात कन्नडमध्ये सांगितलं की आधी इंजेक्शन, मग तिंडी, मला शुगर आहे.

“शुगरा?” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “नम्म यजमान्रिगू इदे.” आमच्या ह्यांनाही आहे. आणि त्या खाली वाकून रांगोळीची रेघ पुढं ओढू लागल्या.

एवढंच. एवढ्यासाठी. मी आईकडं बघितलं. ती कडीला हात लावून उभी होती आणि लक्ष्मम्मांच्या पाठीकडं बघत होती, त्या वळून आणखी काहीतरी म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या नाहीत. अक्का उप्पिट्टू खाऊ लागली. तिनं ते सगळं संपवलं, ताट धुऊन ठेवलं, आणि बॅग दारापासून उचलून आत नेली.